वस्तरा नेमका कोणत्या जॉर्जचा?

(जुन्या वस्तूंबद्दलची वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं)

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या जुन्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा माळ्यावरच्या शिसवी पेटीत एक वस्तरा निघाला. पात्याच्या मुळाशी मुकुट आहे आणि त्याच्या दोन बाजूंना इंग्रजी ‘जी’ आणि ‘आर’. खाली बारीक अक्षरांत ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी, नं. ६ नॉरफोक स्ट्रीट, शेफिल्ड, इंग्लंड’ असं आहे. शेजारी चांदणी आणि फुली. मूठ पिवळट पांढरी. ती हस्तिदंताची आहे असं थोरले काका सांगतात. त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे आमच्या मूळपुरुषाला हा वस्तरा साताऱ्याच्या रेसिडेंटसाहेबानं प्रतापसिंह महाराजांच्या वेळी भेट दिला आणि ‘जी’ म्हणजे चौथा जॉर्ज. पातं गंजलंय, धारेला दोन ठिकाणी दाते पडलेत, मुठीला खिळ्यापाशी चीर आहे. एक मित्र म्हणतो रात्रभर चिंचेच्या पाण्यात घाल. दुसरा म्हणतो बफ मारून आण, आरसा होईल. किती जुना असेल? विकला तर किती येतील? आणि मला त्यानं एकदा तरी दाढी करायची आहे. फोटो जोडलेत.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ती चिंच डब्यात परत ठेवा आणि दुसऱ्या मित्राला थोडे दिवस वस्तरा दाखवू नका. जुन्या पात्याचं वय ठरवायला जे काही लागतं ते पात्यावरच असतं, आणि घासायला बसलं की सगळ्यात आधी तेच जातं. म्हणून आधी वाचू, मग हात लावू.

काकांची गोष्ट उडवून लावण्यासारखी नाही. साताऱ्याचं राज्य १८१८ ते १८४८, प्रतापसिंह महाराज १८३९ पर्यंत गादीवर, चौथा जॉर्ज राजा १८२० ते १८३०. रॉजर्सना इंग्लंडच्या राजाचे कटलर, म्हणजे चाकू-वस्तरे बनवणारे, म्हणून मान मिळाला तो १८२२ मध्ये, याच जॉर्जकडून. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण तर त्याहून जुनी, १७६४ ची. सगळं जुळतंय. काकांच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं.

गडबड करतो तो शेवटचा शब्द, ‘इंग्लंड’. चौथ्या जॉर्जच्या काळात शेफिल्डच्या कारागिराला पात्यावर देशाचं नाव टाकायची गरजच नव्हती. शेफिल्ड म्हटलं की झालं. पुढे जर्मनीतला स्वस्त माल शेफिल्डच्या नावानं खपायला लागला. शेफिल्डवाल्यांनी आरडाओरडा केला, १८८७ मध्ये ब्रिटनमध्ये मालावरच्या खोट्या छापांविरुद्ध कायदा झाला आणि १८८९ मध्ये आपल्याकडेही तसाच कायदा आला. त्यावर १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव बंधनकारक केलं. कारखाने अमेरिकेसाठी एक ठसा आणि मुंबईसाठी दुसरा असे लाड करत बसत नाहीत, त्यामुळे १८९१ च्या आसपासपासून पात्यांवर सरसकट ‘इंग्लंड’ दिसू लागतं. आता ‘हिज मॅजेस्टी’ बघा. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तोवर ‘हर मॅजेस्टी’ होतं. १९०१ नंतर सातवा एडवर्ड, म्हणजे ठशात ‘ई’ हवा. तुमच्याकडे ‘जी’ आहे. म्हणजे १९१० ते १९३६ मधला पाचवा जॉर्ज, नाहीतर त्यानंतर १९५२ पर्यंतचा सहावा. मी पाचव्यावर पैज लावीन.

ठशावर एकट्यावर मी विसंबले नसते, कारण रॉजर्सच्या नावाच्या नकला त्या काळीही पैशाला पासरी होत्या. पण तुमचा तिसरा फोटो फार चांगला आलाय, शेंड्याकडून काढलेला. पात्याचे पाठीखालचे दोन्ही गाल, म्हणजे बाजू, आत गेलेत आणि धारेकडचा भाग कागदाइतका पातळ झालाय. १८२० च्या सुमाराचा वस्तरा असा समोरून पाहिला तर सरळ पाचरीसारखा दिसतो. गाल जवळजवळ सपाट, हातात जड. इतकं खोल कोरायचं तर पातं लहान व्यासाच्या दगडावर घासावं लागतं. ते तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं आणि त्यात जर्मनीतलं झोलिंगन गाव आघाडीवर होतं. मूठ बदलता येते, ठसा नकली मारता येतो, पण पाचरीचं पातं घरी बसून असं कोरता येत नाही.

मुठीचं म्हणाल तर फोटोत तिच्यावर लांबीच्या दिशेनं समांतर, एकसारख्या रेघा दिसतात. रेघा म्हणजे हस्तिदंत असं लोक समजतात. खऱ्या दंताच्या रेघा कधी इतक्या शिस्तीत नसतात, आणि त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसते. तशी जाळी नसेल आणि रेघा वहीसारख्या आखलेल्या असतील तर ते सेल्युलॉइड. हे १८७० च्या आसपास बाजारात आलं आणि हस्तिदंताची नक्कल म्हणून भरपूर खपलं. खात्री करायची तर अंगठा गरम पाण्यात बुडवून मूठ जोरात चोळा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला की विषय संपला. तापवलेली सुई टोचून बघा असं कोणी सांगेल, ते करू नका. सेल्युलॉइड भसकन पेट घेतं.

आणि काकांचं म्हणणं खरं ठरून हस्तिदंतच निघाला, तर विक्रीचा विचार सोडून द्या. वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, घरातला जुना असला तरी.

आता त्याच फोटोत मला एक गोष्ट दिसली ती तुम्ही लिहिली नाहीत. गंज सगळ्या पात्यावर सारखा नाही. मुठीच्या बाहेर राहणारी शेपटी स्वच्छ आहे. मिटल्यावर पात्याचा जो भाग मुठीच्या पोटात जातो, तेवढ्यावरच तांबूस-काळा गंज चढलाय आणि पितळी खिळ्याभोवती हिरवट कड आहे. हा साताऱ्याच्या पावसाचा प्रताप नव्हे, मुठीचा आहे. सेल्युलॉइड म्हातारं झालं की विरायला लागतं, त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात आणि पातं आतल्या आत खातात. चीर पडलीय तीही त्यामुळेच. म्हणजे तुम्ही पातं कितीही चकाचक केलंत आणि परत त्याच मुठीत मिटून पेटीत ठेवलंत, तर वर्षभरात पुन्हा तेच. आजपासून वस्तरा उघडा, हवेशीर जागी ठेवा. तो पेटीत बंद नको आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको.

बफबद्दल, म्हणजे चकाकी आणायच्या फिरत्या चाकाबद्दल, थोडं सविस्तर सांगते, कारण नोकरीभर मी कारखान्याच्या हीट ट्रीटमेंट विभागात हेच बघत आले. वस्तऱ्याचं पोलाद आधी लाल तापवून विझवतात, मग ठिसूळपणा जावा म्हणून साधारण दोनशे अंशांपर्यंत परत हलकं तापवतात. त्या बेतावर त्याची सगळी धार उभी असते. स्वच्छ पोलाद सव्वादोनशेच्या पुढे गेलं की त्यावर गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या आसपास निळा. पाठीला हा ताप कळतही नाही, पण कागदाएवढी धार फिरत्या चाकावर टेकली की डोळ्याची पापणी लवेपर्यंत निळी होते. मिरजेला आमच्या वडिलांचं, अण्णांचं, सलून होतं. अशा पात्याला ते म्हणायचे, ‘याचं पाणी उतरलं, आता भाजी चिरायला द्या.’ बफवाला तो निळा रंग पुढच्या फेरीत पुसून टाकतो, म्हणून गिऱ्हाइकाला पत्ताच लागत नाही. शिवाय चाक पातं हातातून ओढून घेतं. ते कुठे जाऊन बसेल ते सांगता येत नाही.

चिंचेचं, लिंबाचं, व्हिनेगरचं गणित सोपं आहे. आम्ल गंज खातं आणि गंज संपला की थांबत नाही, पोलाद खातं. तांब्याच्या बंबाला चिंच ठीक. कोरलेल्या धारेला तेवढा ऐवजच नसतो.

मग करायचं काय? शिलाई मशीनचं तेल आणि थोडं रॉकेल एकत्र करून पात्याला लावा, दोन दिवस तसंच राहू द्या. मग अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल त्याच तेलात बुडवून मुठीकडून शेंड्याकडे, लांबीच्या दिशेनं फिरवा. धारेवरून आडवी कधीच नाही. एका वेळी एकच गाल, आणि पातं टेबलाच्या कडेला सपाट टेकवून. हवेत धरून घासलं की बोट जातं. लाल गंज निघेल तेवढा काढा. त्याखालचा काळपट थर निघत नसेल तर राहू द्या, तो पुढे वाढत नाही. फारच खरखरीत वाटलं तर हजार नंबरचा वॉटर पेपर बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून तेलात. पण ठशाच्या जागेवर पेपर न्यायचा नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत गालावर फिकट कोरीव अक्षरांचा भास होतोय, तिथेही नाही. ती अक्षरं आम्लानं काढलेली असतात, नखाला लागतसुद्धा नाहीत, आणि पेपरच्या पाच-सहा फेऱ्यांत कायमची जातात.

खिळे ठोकून मूठ उतरवायचा मोह होईल. विरलेलं सेल्युलॉइड हातोडीच्या पहिल्या टोल्याला उभं चिरतं. मूठ बदलायची असेल तर ज्याला खिळ्याचं डोकं कानशीनं हलकं उडवून खालून पंचनं काढता येतं अशा माणसाकडे जा, आणि नवी मूठ शिंगाची किंवा लाकडाची करून घ्या. जुनी मूठ फेकू नका. वेगळ्या कागदी पाकिटात, पात्यापासून लांब ठेवा.

दाढीचं नंतर. आधी पातं त्या लायकीचं आहे का ते बघा. शेपटी धरून सपाट बाजूला नखानं टिचकी मारा. बारीक, लांबत जाणारा नाद आला तर ठीक. बद्द वाजलं तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे आणि असं पातं गालाला लावायचं नाही. मग घड्याळजीचं दहापट भिंग घ्या. धारेलगतच्या दोनेक मिलिमीटरच्या पट्ट्यात गंजाचे खड्डे आहेत का? असतील तर धार लावताना ते उघडे पडतील आणि त्या जागी धार चुरा होऊन गळेल. खड्डे वर, पात्याच्या गालाच्या मध्यावर असतील तर पात्याचा चेहरा खराब दिसेल, काम अडणार नाही. दात्यांचंही तसंच. फोटोवरून ते अर्ध्या मिलिमीटरच्या आतले वाटतात. तेवढे दगडावर जातात. धार काचेवर टेकवून बघा. मध्ये पोकळी दिसली, म्हणजे धार आत वळलेली असली, तर कामाला वेळ लागेल. किंचित बाहेर फुगलेली असली तर उलट चांगलं.

धार लावायची पद्धत चाकूची नाही. वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीतच असतो, म्हणून पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली पाहिजेत. पाठ उचलली की कोन बिघडला. पाठीवर इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचा एक थर द्या, नाहीतर पाठच झिजेल. (जुन्या वस्तऱ्याच्या पाठीवर रुंद चकचकीत पट्टा दिसला तर ओळखा, आधीच्या मालकानं दगड फार घासलाय.) दात्यांसाठी हजार नंबरचा पाण्याचा दगड, मग चार हजार, मग आठ हजार. दगडावर धार पुढे; चामोटीवर, म्हणजे धार घोटायच्या चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे. अण्णांच्या खुर्चीच्या हाताला चामोटी टांगलेली असायची आणि नव्या पोराची परीक्षा तिच्यावरच व्हायची. ज्याला शेवटाला पातं पाठीवर उलटवायचं सुचत नाही, तो चामोटी कापतो. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला मात्र हे काम देऊ नका. विळी-कात्रीत तो पटाईत असतो, पण त्याचं चाक आणि बफ यांच्यात वस्तऱ्याच्या दृष्टीनं काही फरक नाही.

दाढीआधी पातं सत्तर टक्क्यांच्या स्पिरिटनं पुसा, पुसून वाळू द्या. उकळू नका, मुठीचं भजं होईल. ब्लीच लावलंत तर नवे खड्डे पडतील. आणि तुमच्यापुरताच वापरा. पाहुण्यांना हौस म्हणून देऊ नका. कावीळ-बी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात म्हणून तर सलूनमध्ये गिऱ्हाइकागणिक अर्धं ब्लेड बदलतात. पहिल्यांदा फक्त गालाची सपाट जागा करा. हनुवटीला आणि वरच्या ओठाला सध्या तुमचा रोजचा रेझर बरा.

किमतीचं विचारलंत. रॉजर्सचा कारखाना प्रचंड होता आणि त्यांचे वस्तरे जगभर गेले, त्यामुळे गंजलेला, मूठ विरलेला विसाव्या शतकातला नमुना दुर्मीळ नाही. घर घेण्याइतके पैसे येणार नाहीत. काकांना सांगताना मात्र जरा जपून. रेसिडेंट गेला तरी प्रश्न उरतोच, की १९१० नंतर तुमच्या घरात विलायती वस्तरा आणणारा माणूस कोण? पलटणीत कोणी होतं का, मुंबईला नोकरीला कोणी होतं का, एवढं त्यांना विचारा. माझी खात्री आहे की त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या वस्तऱ्यावर ‘बेंगॉल’ असं नाव आहे. हा बंगालमध्ये तयार झाला का? — वाचक, मडगाव

उत्तर : नाही. स्पेलिंग बघा, शेवटी ‘एल’ दोनदा असेल. ही शेफिल्डच्या कॅडमन कंपनीची छाप. वस्तरा उत्तम असतो, पाजवून वापरा.

प्रश्न : भंगारवाल्याकडे मिळालेल्या वस्तऱ्यावर ‘सिल्व्हर स्टील’ कोरलंय. दुसऱ्या एकावर ‘इंडिया स्टील’. यांत चांदी असते का, आणि भारताचा काय संबंध? — वाचक, डोंबिवली

उत्तर : संबंध आहे, आणि तो मुंबईतून जातो. १७९० च्या दशकात मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा डॉक्टर होता. त्यानं आपल्याकडच्या वूट्झ पोलादाच्या लाद्या लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सकडे पाठवल्या. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सननं त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. लंडनचा जेम्स स्टोडार्ट शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवायचा. तो या पोलादाच्या इतका प्रेमात पडला की युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा मला हेच पसंत, असं त्यानं आपल्या दुकानाच्या कार्डावर छापलं. पुढे याच स्टोडार्टला हाताशी धरून मायकल फॅरडेनं (हो, विजेवाला) १८२० च्या सुमारास पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिलं. चांदी अगदी थोडीच मिसळते, पाचशे भागांत एक, असं त्यांना दिसलं. अशा मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडेनं मित्रांना भेटही दिले.

तुमच्या वस्तऱ्यात मात्र चांदी शोधू नका. प्रयोगाची बातमी पसरल्यावर ‘सिल्व्हर स्टील’ हा धंद्याचा शब्द झाला आणि ज्यानं त्यानं तो कोरला. ‘इंडिया स्टील’चंही बहुतेक तेच. पण दोन्ही वस्तरे पाचरीच्या छेदाचे आणि आखूड शेपटीचे असतील, तर ते साताऱ्याच्या वस्तऱ्याहून बरेच जुने आहेत. भंगारवाल्याला ते बोलू नका. मला शेंड्याकडून काढलेला फोटो पाठवा.

प्रश्न : आम्ही देवगडचे. पावसाळ्यात वस्तरा जपायचा कसा? कातडी म्यान शिवून घेऊ का? — वाचक

उत्तर : कातडं ओल धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला लागतात, तेव्हा म्यान नको. वर्तमानपत्रही नको. धुऊन, कोरडा करून, खिळ्याच्या फटीत तेलाचा एक थेंब सोडा. पात्याला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल लावू नका, ते काही महिन्यांत चिकट होऊन बसतं. मग सुती कापडात सैल गुंडाळून तांदळाच्या डब्याजवळ नव्हे, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. मूठ सेल्युलॉइडची असेल तर पातं अर्धवट उघडं, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर.

(पत्र पाठवताना फोटो तीन हवेत: ठशाचा, मुठीचा आणि पात्याचा शेंड्याकडून. वस्तू फोटोआधी पुसू नका.)